मधल्या माणसाचा खर्च

"त्याला सांग," पेरुसी नाकितेंदे म्हणाली, "एका घरात चार भाडेकरू कोंबले म्हणून घर मोठं होत नाही. नळ एकच राहतो."

ज्याला सांगायचं तो, म्हणजे तिचा जावई जोआकिम सेम्वांगा, त्याच खोलीत बसला होता. दोघांच्या मध्ये चाकांचा पांढरा फळा उभा केलेला, आणि त्यातून जोआकिमने तोंड भिंतीकडे केलेलं. तिचा शब्द न् शब्द त्याला ऐकू गेला होता. तरी निरोप्या ओतिम उठला, फळ्याला वळसा घालून पलीकडे गेला आणि अदबीने म्हणाला, "सर, नालोंगो म्हणतात की मशीनच्या ताकदीची वाटणी जरा नीट बघून करावी." नालोंगो म्हणजे जुळ्यांची आई; पेरुसीला ऑफिसात सगळे तसंच म्हणायचे.

"सासूबाईंना सांग, त्या एका घरात एकट्याच हातपाय पसरून झोपल्यात. तीन खोल्या रिकाम्या. त्याला घर नाही, गोडाऊन म्हणतात."

ओतिम पुन्हा वळसा घालून इकडे आला. "नालोंगो, सरांनी तुमचा मुद्दा लक्षात घेतलाय."

टेबलाच्या टोकाला बसलेल्या बिरुंगी मॅडमनी डोळे मिटले. किब्बो ही कंपनी त्यांची. शाळांचे निकाल, पाण्याची बिलं, दवाखान्याचे नंबर असल्या गोष्टी लोकांना फोनवरच्या मेसेजने कळवायच्या, हा धंदा. दर सोमवारची ही बैठक पूर्वी चहा संपेपर्यंत संपायची. आता जेवायची वेळ झाली तरी संपत नव्हती, कारण प्रत्येक वाक्य ओतिमच्या पायांनी चालत जायचं आणि चालत यायचं.

सासू आणि जावई यांनी एकमेकांच्या समोर यायचं नाही, हात लावायचा नाही, एका ताटात जेवायचं नाही, ही रीत काही पेरुसीने काढलेली नव्हे. बुगांडात ती पूर्वापार आहे, आणि मोडणाऱ्याला ओबुको होतो, हात थरथरायला लागतात, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पण हल्ली कंपालात एवढं कडक पाळतं कोण? हात मिळवायचा नाही, एका सोफ्यावर बसायचं नाही, झाली रीत. पेरुसीसुद्धा दोन वर्षं एवढंच पाळत होती. बाबिर्येच्या, म्हणजे तिच्या जुळ्यांतल्या थोरल्या मुलीच्या घरी जायची, दुसऱ्या खोलीतून जावयाला "काय रे, बरा आहेस का?" म्हणून हाकही मारायची.

मग किब्बोचं मुख्य इंजिनियराचं पद रिकामं झालं. पेरुसीने ती कंपनी उभी राहताना पाहिली होती. पहिली तार तिने ओढली होती, खालच्या मजल्यावरचं मोठं मशीन तिने लावलं होतं, त्याला 'जाज्जा', आजी, हे नाव तिने दिलं होतं. पद तिचंच, असं वॉचमनसुद्धा धरून चालला होता. बिरुंगी मॅडमनी बाहेरून माणूस आणला. दार उघडून आत आला तो जोआकिम. आणि त्याच क्षणी पेरुसीला सगळी रीत आठवली, अगदी पणजीच्या काळातली, काना-मात्रेसकट.

तिने जिन्यावर चढण्याआधी मोठ्याने खाकरायला सुरुवात केली, की त्याने भिंतीकडे वळून उभं राहावं. आपल्या फोनवर त्याचा नंबर बंद करून टाकला. जावयाचा आवाज थेट कानात कसा घ्यायचा, म्हणे! बैठकीत फळा मागवला. नवा साहेब आपल्या हाताखालच्या बाईला एक साधं वाक्य विचारू शकत नव्हता, आणि तक्रार तरी कुठे करणार? बायको म्हणायची, "आई म्हणते ते खरंच आहे, रीत ती रीत." मधला माणूस म्हणून ओतिमची निवड झाली, कारण तो पार उत्तरेतल्या लिराकडचा. त्याच्या लोकांच्या रीती वेगळ्या, त्यामुळे आमच्या रीतीत तो कोणाच्याच बाजूचा नव्हता. स्वभावाने लोण्यासारखा होता बिचारा. दोन्हीकडचे दगड घ्यायचा आणि दोन्हीकडे फुलं द्यायचा. तो नसता तर किब्बोत कधीच डोकी फुटली असती.

त्या सोमवारी जोआकिमने फळ्याआडून जे म्हटलं ते मात्र ओतिमलासुद्धा मऊ करता आलं नाही. "सासूबाईंना सांग," तो म्हणाला, "की माझ्या मशीनमध्ये मधे एक थर आहे म्हणून त्या वर्षभर ओरडतायत. आणि स्वतः एका वाक्यासाठी एक आख्खा माणूस मधे उभा करतात. तो खर्च कोणी मोजायचा?"

खोलीत कोणीतरी फिसकन हसलं. पेरुसीच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

भांडण त्या थराचंच होतं. जाज्जा एकटीच, आख्खी, एकाच कामाची. जोआकिमने आणलेलं नवं मशीन तिच्या चौपट दांडगं, पण त्याच्या पोटात एकाऐवजी अनेक मशीनं भासवलेली. प्रत्येकाला वाटायचं आपणच घराचे मालक, आपलंच प्रोसेसर, आपलीच डिस्क. खरा मालक खाली बसून सगळ्यांना वाटून द्यायचा. पेरुसीचं म्हणणं, ह्या भासवण्याचा खर्च असतो, आणि तो नेमका गर्दीच्या दिवशी भरावा लागतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. जोआकिमचं म्हणणं, तो खर्च मूठभर आहे, म्हातारीला तिची खोली सोडवत नाही एवढंच.

बिरुंगी मॅडमनी डोळे उघडले. "पुरे. सातवीचा निकाल नव्या मशीनवरून जाईल. त्या दिवशी नीट चाललं तर खालची खोली बंद, जाज्जा लिलावात, आणि नालोंगो, तुम्ही मग मानाने घरी बसा. नाही चाललं तर जोआकिम, तू दुसरीकडे बघ. आणि हा फळा इथून हलवा, मला कॅलेंडर दिसत नाही."

*

जाज्जामधली सगळी व्यवस्था, म्हणजे तिच्यावर चालणारे सगळे प्रोग्रॅम, जशीच्या तशी उचलून जोआकिमने नव्या मशीनच्या पोटातल्या तीन भासवलेल्या मशीनांत ओतली. व्यवस्था पेरुसीचीच, त्यामुळे आत शिरायची किल्लीही तिच्याकडे होती. एका दुपारी कच्च्या केळ्यांचा काटोगो खाऊन, सगळे पेंगत असताना, ती एकात शिरली आणि त्याला विचारलं, बाबा रे, तुझं नेटवर्कचं कार्ड कुठलं?

त्याने जे नाव सांगितलं ते वाचून पेरुसी एकटीच मोठ्याने हसली. ते कार्ड नासेर रोडच्या जुन्या बाजारातूनसुद्धा हद्दपार झालेलं होतं. नव्याकोऱ्या मशीनला असलं कार्ड कुठून असणार? ते कार्ड नव्हतंच. कार्डाचं सोंग होतं. जुन्या व्यवस्थेला नव्या जातीचं कार्ड ओळखता येईना, म्हणून जोआकिमने तिला ओळखीचं वाटेल असं सोंग उभं केलं होतं. प्रत्येक मेसेजमागे आतल्या मशीनने थांबायचं, खालच्या मालकाने येऊन जुन्या कार्डाचं नाटक करायचं, मग मेसेज पुढे ढकलायचा. दहा-वीस मेसेज असतील तर कोणाला पत्ताही लागणार नाही. साऱ्या देशाचे आईबाप एकदम निकाल विचारायला लागले की मात्र मशीन नाटक करण्यातच दमून पडणार.

ह्यावर उतारा होता. नव्या जातीच्या कार्डात सोंग नसतं. आतल्या मशीनला ठाऊक असतं की आपण इथे पाहुणे आहोत, आणि ते खालच्या मालकाशी सरळ देवघेव करतं. त्यासाठी ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड ओळखणारा छोटा प्रोग्रॅम, लागतो. तो पेरुसीनेच कित्येक वर्षांपूर्वी व्यवस्थेतून काढून टाकला होता, कारण जाज्जाला खरं कार्ड होतं, तिला पाहुण्यांचे शिष्टाचार कशाला हवेत?

पेरुसीने तिन्ही मशीनांत तो ड्रायव्हर टाकून ठेवला. का टाकला, विचाराल तर हाताला खाज सुटली म्हणून. अर्धवट काम तिला बघवत नसे. ताटात शेवटचा घास ठेवून उठणाऱ्यातली ती नव्हेच. आता फक्त वरून, मालकाच्या बाजूने कार्डाची जात बदलायची राहिली होती, आणि ती किल्ली जोआकिमकडे होती.

ओतिम शेजारीच रोलेक्स, म्हणजे चपातीत गुंडाळलेलं आम्लेट, खात होता. त्याला नुसतं म्हणायचं होतं, 'त्याला सांग.' पेरुसीने तोंड उघडलं. मग तिला बैठकीतला तो फिसकन हसण्याचा आवाज आठवला.

"काही सांगायचंय का वर?" ओतिमने विचारलं.

"काही नाही. खा तू."

पडू दे तोंडावर, ती मनात म्हणाली. चांगला पडू दे. दात पडेपर्यंत पडू दे.

*

निकालाच्या दिवशी सकाळी जोआकिम नवा शर्ट घालून आला. वरच्या मजल्यावर त्याच्या माणसांनी समोसे मागवले. खाली पेरुसी आपली ठेवणीतली गोमेसी नेसून आली होती, निळी, उंच खांद्यांची, लग्नाला नेसतात तसली. तिने दुधाच्या चहाचा थर्मास भरून आणला, जाज्जाच्या खोलीत खुर्ची ओढली, पडद्यावर नव्या मशीनवरची मेसेजची रांग दिसेल असं केलं आणि तमाशाला बसावं तशी बसली.

मंत्र्यांचं भाषण रेडिओवर संपलं आणि मेसेज सुरू झाले. आधी सगळं गुळगुळीत चाललं. वरून टाळ्या ऐकू आल्या. पेरुसीने कपात चहा ओतला. मग रांग वाढायला लागली. आधी हळूच, मग भराभर. प्रोसेसर पार वर टेकला, आणि त्यातलं खरं काम किती? चिमूटभर. बाकी सगळं नाटक. तिने चहाचा घोट घेतला, आणि खरं सांगायचं तर तो तिला फार गोड लागला.

शेजारच्या खोलीत झैतुनी मदतीचा फोन सांभाळायची. आधी तिचा आवाज हसरा होता. "येईल हं, थांबा, येईल." मग तो बदलला. "नाही हो ताई, असं काही नाही. नापास नाही झाली ती. अहो ऐका तर!" तिने फोन ठेवला की लगेच दुसरा वाजायचा. पेरुसीने दारातून डोकावून विचारलं, "काय गं, कशाला ओरडतेस?"

"नालोंगो, सगळ्यांना एकच मेसेज जातोय. 'ह्या क्रमांकाचा निकाल नाही.' लोकांना वाटतंय पोरांनी कॉपी केली म्हणून निकाल अडवला. एक आजोबा कामुलीहून चौथ्यांदा फोन करतायत. नातीने दार आतून लावून घेतलंय, उघडतच नाही म्हणतात. मी काय सांगू त्यांना?"

पेरुसीच्या हातातला कप तिथेच राहिला. ते वाक्य तिचं होतं. खूप वर्षांपूर्वी, मशीनला उत्तर द्यायला उशीर झालाच तर काहीतरी जायला हवं म्हणून तिने घाईत लिहिलेलं. जाज्जाला कधी उशीर झाला नाही, त्यामुळे ते वाक्य कधी बाहेर पडलं नाही आणि तिने पुन्हा वाचलं नाही. 'थोडं थांबा' लिहिता आलं असतं. तिने लिहिलं होतं 'निकाल नाही', आणि आज ते घराघरांत जाऊन पोरांना सांगत होतं.

"ओतिम!" ती किंचाळली. "धाव! त्याला सांग, कार्डाची जात बदल. ड्रायव्हर आत आहे, मी टाकलाय. एकेक मशीन बंद कर, बदल, चालू कर. आत्ताच्या आत्ता!"

ओतिम धावला, आणि थोड्या वेळाने जिन्यावरून खाली आला. "नालोंगो, सर म्हणाले, बघतो."

"बघतो म्हणजे?"

"बघतो म्हणाले."

पडद्यावर काही बदललं नाही. उलट दिसलं असं, की वर कोणीतरी तिन्ही मशीनांना आणखी प्रोसेसर देतंय. म्हणजे सोंगाला आणखी नट पुरवले, बस. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! पेरुसीने ओतिमला पुन्हा पिटाळलं, तेच शब्द पुन्हा घोकून घेतले, आणि ह्या वेळी त्याच्या मागोमाग जिन्याच्या अर्ध्यापर्यंत गेली. खाकरली नाही.

वरून ओतिमचा तो लोण्यासारखा आवाज आला. "सर, नालोंगो विचारतात, वेळ मिळाला तर कार्डाकडे एकदा नजर टाकता का?"

"ओतिम, हात जोडतो," जोआकिम ओरडला. "त्यांना सांग, मजाच बघायची तर गप्प बसून बघा! टोमणे उद्या मारा!"

वर्षभर हा माणूस हेच करत आला होता. आणि वर्षभर तीही ह्याच्याच तोंडून बोलत आली होती, आणि बैठक सोडली तर वरचा जावई ऐकत आला होता तो ओतिम, पेरुसी नव्हेच. तिने गोमेसीचा घोळ मुठीत धरला आणि उरलेला जिना चढली.

दारात उभी राहिली तेव्हा आधी कोणाला कळलंच नाही. मग समोसा हातात घेतलेली एक मुलगी "अय्यो!" म्हणाली. जोआकिमने वळून बघितलं. वर्षभरात पहिल्यांदा दोघांची नजर भिडली. आणि हा जोहान्सबर्ग पाहिलेला, रीतीला खूळ म्हणणारा माणूस, खुर्चीतून ताडकन उठला आणि सवयीने भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"भिंतीत काय बघतोस, मेल्या? इकडे बघ! कार्डाची जात बदल!"

"नाही ओळखत तुमची व्यवस्था ते कार्ड," तो भिंतीलाच म्हणाला. "मी करून पाहिलंय. बंद करून परत चालू झालं नाही तर उरलंसुरलंही जाईल."

"आता ओळखते. ड्रायव्हर टाकलाय मी."

"कधी?"

पेरुसीने मुठीतला गोमेसीचा घोळ सोडला.

तो वळला. "कधी टाकलात, सासूबाई?"

"गेल्या महिन्यात."

जोआकिमचा चेहरा आधी पांढरा पडला, मग काळवंडला. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं. महिनाभर माहीत होतं, आणि गप्प बसलात!"

"तू विचारलंस मला?"

"तुम्ही विचारू दिलंत?"

खालून झैतुनीचा फोन वाजत होता. "मला शिव्या नंतर दे," ती म्हणाली, "आधी ते बदल."

तो बसला. माऊसवर हात ठेवला, आणि तिथेच गोठला. त्याला विश्वास बसेना, आणि का बसावा? महिनाभर त्याच्या पडण्याची वाट बघणारी बाई त्याला सांगत होती की चालतं मशीन बंद कर. पेरुसीने एक क्षण वाट पाहिली, दुसरा पाहिला. मग तिने आपला हात त्याच्या हातावर ठेवला आणि बटण दाबलं.

"ओबुको," कोणीतरी कुजबुजलं. समोश्याची मुलगी खोलीबाहेर पळाली.

पहिलं मशीन बंद झालं, उठलं, आणि गप्पच राहिलं. "बघा!" जोआकिम ओरडला. "मेलं!"

"मेलं नाही. कार्ड बदललं की त्याचं नाव बदलतं. पत्ता अजून जुन्या नावावर लिहिलेला आहे. सरक तिकडे." तिने त्याला खांद्याने ढकललं. आता एकदा शिवलंच होतं, दहादा शिवलं तर काय! नवं नाव टाकलं, आणि मशीनने श्वास घेतला. दुसरं तिने केलं. तिसरं त्याने केलं, तिच्याकडे न बघता, एकही चूक न करता.

रांग ओसरली. खाली झैतुनीने कोणाला तरी "प्रथम श्रेणी, आजोबा! प्रथम श्रेणी!" असं ओरडून सांगितलं आणि रडायला लागली. पेरुसी आणि जोआकिम एकाच पडद्यासमोर घाम गाळत बसले होते, खांद्याला खांदा लागलेला. मग दोघांनाही एकदमच ते कळलं आणि दोघं विजेचा झटका बसल्यासारखे उठले.

*

"थोडी अडचण आली, सुटली," बिरुंगी मॅडम सोमवारी म्हणाल्या. "चाचणी पास."

महिनाभराचं मौन जोआकिमने मॅडमना सांगितलं नव्हतं. आपण कोणामुळे वाचलो, हेही सांगितलं नव्हतं. पेरुसीला पहिल्याचा राग आला की दुसऱ्याचा, हे तिचं तिलाच कळेना. उपकार केला म्हणावं तर तोही अर्धा.

"नालोंगो, तुमचं काही म्हणणं?" मॅडमनी विचारलं. "आता ते मशीन जाज्जापेक्षा मंद आहे का?"

पेरुसीने मोजलं होतं. शनिवारी आणि रविवारी, पुन्हापुन्हा, आकडा वाढावा म्हणून देवाला साकडं घालून मोजलं होतं. सरळ कार्ड दिल्यावर फरक मूठभरच उरत होता, जावई म्हणाला होता तेवढाच. खोटं बोलायला जीभ वळली असती. पण मशीनच्या बाबतीत ती आयुष्यात खोटं बोलली नव्हती. गप्प बसणं वेगळं, खोटं बोलणं वेगळं, असं ती स्वतःला समजावत होती.

"नाही," ती म्हणाली. "मंद नाही."

संध्याकाळी बाबिर्येचा फोन आला. "आई, त्याचे हात थरथरतायत. चहाचा कप धरवत नाही."

"झोप नसेल झाली."

"तू त्याला हात लावलास म्हणे. सगळ्या ऑफिसासमोर! आई, असं कोण करतं? आत्याबाई म्हणतात, त्याने लुबुगो पाठवायला हवं, नाहीतर हे बरं व्हायचं नाही."

लुबुगो म्हणजे झाडाच्या सालीचं कापड. सासू-जावयात नको ते घडलं की जावयाने सासूला ते पाठवायचं, तिने पांघरायचं आणि विषय झाकायचा. पेरुसीच्या घरात लुबुगो शेवटचं आलं होतं ते सालोंगो, तिचा नवरा, गेला तेव्हा. त्यालाही त्यातच गुंडाळून पुरला होता. आमच्याकडे जाणाऱ्याला तेच नेसवतात.

गुरुवारी ओतिम खाली आला तेव्हा त्याच्या हातात तांबूस, नवंकोरं, घडी केलेलं लुबुगो होतं. "नालोंगो, सर म्हणतात..."

"थांब. जसं म्हणाला तसं सांग. एक शब्द मऊ केलास तर हा स्क्रूड्रायव्हर बघ."

ओतिमने डोळे मिटले आणि एका दमात म्हणाला, "'म्हातारीला सांग, हे घे आणि माझ्या वाटेतून जा. उद्या जाज्जा बंद होईल. लिलाववाल्यांची गाडी येतेय.'"

पेरुसी खदखदून हसली. वर्षभरात ओतिमच्या तोंडून जावयाचं एक आख्खं वाक्य तिला पहिल्यांदाच मिळालं होतं. मग हसता हसता तिचे डोळे भरून आले, आणि ओतिम दाराकडे बघत उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी तिने जाज्जा स्वतःच्या हाताने बंद केली. पंखे एकेक करून थांबले. इतक्या वर्षांत त्या खोलीत शांतता कधी नव्हतीच, ती कानाला बोचली. पेरुसीने तारा सोडवल्या, पत्र्यावरची धूळ आपल्या बाहीने पुसली, आणि लुबुगो उलगडून मशीन त्यात गुंडाळलं. नीट, कोपरे आत घेऊन, सुतळीने तीन ठिकाणी बांधून. सालोंगोला बांधलं होतं तसंच.

लिलाववाल्यांचे दोन हमाल आत आले, बघितलं आणि एक पाऊल मागे सरले. "नालोंगो, हे काय? ह्याला आम्ही हात लावणार नाही. ह्याला घरचे लोक लागतात."

"मग घरच्यांना बोलवा," पेरुसी म्हणाली.

हमालांनी वर निरोप दिला. जोआकिम तणतणत खाली आला आणि दारातच थांबला. ते तांबूस गाठोडं, त्यावर आपणच पाठवलेलं कापड, आणि पलीकडे कमरेवर हात ठेवून उभी असलेली सासू. तिला वाटलं तो ओरडेल. तो ओरडला नाही. त्याने बाह्या सरसावल्या आणि एक टोक धरलं. त्याचे हात खरंच थरथरत होते. तिने दुसरं टोक धरलं. मशीन एकाने उचलण्यातलं नव्हतंच.

"ओतिम," ती म्हणाली, "त्याला सांग, दारातून डावीकडे वळव. आपटू नकोस."

"सर, दारातून डावीकडे वळवा. आपटू नका," ओतिम म्हणाला.

दोघं एकमेकांकडे न बघता अंगणात आली. वरच्या खिडक्यांत सगळं ऑफिस उभं होतं. झैतुनीने डोक्यावरचा रुमाल सारखा केला. पिकअपमध्ये गाठोडं ठेवून झालं, तरी जोआकिमने कापडावरचा हात काढला नाही.

"व्यवस्थेत तुम्ही काढून टाकलेलं, झाकलेलं, मी कधी विचारलंच नाही असं अजून काय काय आहे?" तो म्हणाला. बघत होता कापडाकडे, पण बोलत होता थेट तिच्याशी. "सांगणार असाल तर वरती एक टेबल रिकामं आहे. मी मॅडमशी बोललोय."

पेरुसीने इकडे तिकडे पाहिलं. "ओतिम, त्याला सांग..."

"तुम्हीच सांगा, नालोंगो," ओतिम म्हणाला. त्याचा आवाज अजिबात मऊ नव्हता. "मी दमलो आता."

तो अंगण ओलांडून आत निघून गेला. मध्ये कोणीच उरलं नाही. जोआकिम वाट बघत उभा होता. तिच्या ओठांवर सगळं आलं होतं. 'निकाल नाही'सारखंच घाईत लिहिलेलं दुसरं एक वाक्य, तिने घातलेली कुलुपं, तो पाण्याच्या बिलांतला जुना खड्डा जो फक्त तिलाच ठाऊक होता. एक पाऊल, एक वाक्य, आणि वरचं टेबल तिचं. पण वाक्य थेट त्याच्याकडे जाईना. इतक्या दिवसांत तिकडे सरळ वाट अशी राहिलीच नव्हती.

तिने कापडाचा सुटलेला कोपरा सुतळीखाली खोचला.

"भरपूर आहे," ती जाज्जाला म्हणाली, पर्स उचलली आणि गेटाकडे चालू लागली.